पोलादपूरचा लाव्हा आधी, की लघुग्रह आधी?

फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या अमेरिकी साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध छापून आले. दोन्हींचा विषय एकच होता: सह्याद्रीचा कातळ नेमका केव्हा थिजला? एक गट प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ब्लेअर शोएन यांचा, दुसरा बर्कलीत काम केलेल्या कोर्टनी स्प्रेन आणि पॉल रेनी यांचा. दोघांनीही पश्चिम घाटातूनच दगड-माती नेली आणि दोन वेगळ्या पद्धतींनी वय काढले. लाव्हा एकूण किती काळ वाहिला, याबद्दल दोघांची उत्तरे जवळपास जुळली. पोलादपूर हे नाव दिलेल्या थरांपाशी मात्र वाटा फुटल्या. हा लाव्हा लघुग्रह आदळण्यापूर्वी वाहिला, असे प्रिन्स्टनचा गट म्हणतो. दुसऱ्या गटाच्या हिशेबाने तो आदळल्यानंतरचा आहे.

मतभेद काही दशसहस्र वर्षांचा आहे आणि गोष्ट ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. तरीही त्यावर बरेच अवलंबून आहे. त्या सुमारास पृथ्वीवरच्या सुमारे तीन चतुर्थांश प्रजाती नाहीशा झाल्या. पक्ष्यांची शाखा सोडली तर सगळे डायनासोर गेले, समुद्रातले अमोनाइट गेले, लाटांवर तरंगणारे सूक्ष्म जीवही बहुतांश संपले. या महाविलोपनाचे कारण मेक्सिकोत आदळलेला लघुग्रह, की महाराष्ट्राच्या भूमीतून उसळलेला लाव्हा, हा वाद ४५ वर्षे चालू आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत त्यात इतका नवा पुरावा आला आहे की त्याचा जमाखर्च मांडायला हवा.

इटलीतला मातीचा थर

मध्य इटलीतल्या गुब्बिओ गावाजवळ एका घळईत चुनखडीच्या थरांमध्ये जेमतेम सेंटिमीटरभर जाडीचा मातीचा थर आहे. त्याच्या खालच्या चुनखडीत सूक्ष्म सागरी जीवांची मोठी, नक्षीदार कवचे सापडतात. वर मोजकीच आणि अगदी बारीक. हा थर साचायला किती काळ लागला, एवढेच भूवैज्ञानिक वॉल्टर अल्वारेझ यांना जाणून घ्यायचे होते. त्यांचे वडील लुईस अल्वारेझ नोबेल पारितोषिक मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल या रसायनशास्त्रज्ञांसह त्यांनी त्या मातीतले इरिडियम मोजले. पृथ्वीच्या कवचात हे मूलद्रव्य अत्यल्प असते, अशनींमध्ये भरपूर. गुब्बिओत ते आजूबाजूच्या खडकाच्या तीसपट निघाले, डेन्मार्कमधल्या याच काळाच्या थरात १६० पट. सुमारे १० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला असावा, असा निष्कर्ष त्यांनी १९८० मध्ये मांडला.

तेव्हा मोठी उणीव होती ती विवराची. खरे तर ते सापडून गेले होते. मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीसाठी चुंबकीय सर्वेक्षण करणाऱ्या ग्लेन पेनफील्ड आणि अँतोनिओ कामार्गो यांना युकातान किनाऱ्याखाली एक प्रचंड वर्तुळ १९७८ मध्येच दिसले होते. १९८१ मध्ये त्यांनी ते एका परिषदेत मांडलेही, पण फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९९१ मध्ये ॲलन हिल्डेब्रँड आणि सहकाऱ्यांनी धागे जुळवले आणि चिक्शुलूब हे नाव सर्वतोमुखी झाले. विवराचा व्यास सुमारे १८० किलोमीटर.

यानंतरही प्रिन्स्टनच्या गेर्टा केलर यांचा आक्षेप कायम होता. टेक्सास आणि ईशान्य मेक्सिकोतल्या गाळात आघाताने वितळून उडालेले काचेचे मणी विलोपनाच्या पातळीच्या बरेच खाली सापडतात, म्हणजे हा आघात विलोपनाच्या सुमारे तीन लाख वर्षे आधीचा, असे त्या सांगत. बहुतेकांनी हे मणी त्सुनामीने आणि घसरलेल्या गाळाने खाली-वर झाल्याचे मानले. २०१३ मध्ये रेनी यांच्या गटाने हैतीत सापडलेल्या काचेचे आणि मोंटानातल्या विलोपन-सीमेचे वय मोजले. दोन्हींतले अंतर ३२ हजार वर्षांच्या आत आले. २०२१ मध्ये विवराच्या आतून काढलेल्या गाभ्यातच इरिडियमचा थर मिळाला. आघात आणि जगभरचा तो मातीचा थर एकाच घटनेचे आहेत, हा मुद्दा माझ्या मते इथे मिटला.

तो गाभा २०१६ मध्ये जोअॅना मॉर्गन आणि शॉन गुलिक यांच्या नेतृत्वाखाली समुद्रतळात भोक पाडून काढला गेला. विवराच्या आतल्या कड्यावर वितळलेल्या आणि ठिकऱ्या उडालेल्या खडकाचा १३० मीटर जाडीचा थर आहे, आणि तो एका दिवसात साचला. भूविज्ञानात १३० मीटर गाळ म्हणजे एरवी लाखो वर्षांचा हिशेब. त्याच्या वरच्या भागात कोळशाचे कण आहेत, म्हणजे परतलेल्या लाटेने किनाऱ्यावरच्या वणव्यांची राख आत आणली. त्या भागातल्या खडकात जिप्सम मुबलक असूनही गाभ्यात ते जवळजवळ नाही. त्याचा अर्थ असा की ते जिप्सम वाफ होऊन उडाले आणि त्यातला गंधक वातावरणात गेला.

२०२४ मध्ये याला आणखी एक जोड मिळाली. सीमेच्या थरातल्या रुथेनियमच्या समस्थानिकांवरून हा लघुग्रह कार्बनयुक्त जातीचा, गुरूच्या कक्षेपलीकडे तयार झालेला होता, असे दिसले. रुथेनियमची ही खूण दख्खनच्या लाव्हाशी जुळत नाही. म्हणजे सीमेवरचे इरिडियम ज्वालामुखीतून आले असेल, ही जुनी शंकाही फेडली गेली.

सह्याद्रीचा दावा

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग ज्या काळ्या कातळावर वसला आहे, त्याला भूविज्ञानात दख्खन ट्रॅप म्हणतात. आज तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. मूळ विस्तार याहून कितीतरी मोठा होता. पश्चिम घाटात थरांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरहून अधिक भरते. हा कातळ एखाद्या शिखरातून उसळला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडून पातळ लाव्हा पसरत गेला, थांबला, पुन्हा पसरला. काही प्रवाह राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे हजार किलोमीटरच्या आसपास गेले.

या ज्वालामुखीचा विलोपनाशी संबंध ड्यूई मॅक्लीन यांनी १९८० च्या सुमारासच सुचवला होता. त्याला बळ आले ते व्हिन्सेंट कुर्तियो यांच्या १९८६ च्या कामामुळे. लाव्हा थिजताना त्यातली चुंबकीय खनिजे त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेची नोंद घेतात. दख्खनच्या बहुतेक लाव्हात ही दिशा आजच्या उलट असलेल्या एकाच कालखंडाची नोंद आहे आणि विलोपनाची सीमाही त्याच कालखंडात येते. तोपर्यंत दख्खनचे उद्रेक अनेक कोटी वर्षे चालल्याचे समजले जाई. कुर्तियो यांनी तो काळ दहा लाख वर्षांच्या आसपास आणला.

ज्वालामुखीचा पक्ष घेणाऱ्यांकडे आणखी एक वजनदार मुद्दा आहे. २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे, आजवरचे सर्वांत मोठे विलोपन सैबेरियातल्या अशाच लाव्हाच्या पुराच्या वेळी झाले. ट्रायासिकच्या अखेरचे विलोपनही अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या अशाच उद्रेकांशी जुळते. मोठे विलोपन आणि नेमका आघात अशी जोडी मात्र एकदाच सापडते. केलर यांनी ओएनजीसीच्या विंधनांतला गाळ तपासला तेव्हा राजमहेंद्रीच्या दोन लाव्हा-थरांमध्ये विलोपनानंतरच्या अगदी आरंभीच्या सागरी जीवांची कवचे मिळाली. खालचा लाव्हा सीमेला भिडलेला आहे, हे त्यातून दिसले.

आणखी एक सूचना मुंबईकरांच्या कानावर आली असेल: मुंबईजवळ समुद्रात 'शिवा' नावाचे दुसरे, चिक्शुलूबहून मोठे विवर असल्याची. शंकर चॅटर्जी यांनी ती मांडली, पण आघाताचा निर्विवाद पुरावा न मिळाल्याने बहुतेक भूवैज्ञानिकांनी ती स्वीकारली नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापाशी २०२२ मध्ये जाहीर झालेले 'नादिर' विवर खरे आहे. मात्र त्याचा व्यास नऊ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जागतिक विलोपनासाठी फारच लहान.

दोन घड्याळे

बेसाल्टचे वय काढणे अवघड असते. युरेनियम ज्यात बंदिस्त राहते ते झिरकॉन हे खनिज बेसाल्टमध्ये सहसा मिळत नाही, आणि दुसऱ्या पद्धतीला लागणारे पोटॅशियम दख्खनच्या बेसाल्टमध्ये कमी आहे. शोएन यांच्या गटाने यातून वाट काढली ती घाटात सगळ्यांनी पाहिलेल्या एका गोष्टीतून. दोन काळ्या थरांमध्ये विटेच्या रंगाची, बोटांनी खरवडली तरी भुगा होणारी पट्टी असते. कुठे वीतभर, कुठे पुरुषभर उंच. भूवैज्ञानिक तिला रेड बोल म्हणतात. एक प्रवाह थिजल्यावर त्याच्या पृष्ठभागाची झीज होऊन जी माती झाली, ती पुढच्या प्रवाहाखाली भाजून निघाली, तीच ही पट्टी. या मोकळ्या काळात दुसरीकडच्या सिलिकायुक्त ज्वालामुखींची राख उडून तिच्यावर पडली आणि त्या राखेतून झिरकॉनचे कण आले. माती धुऊन, जड खनिजे वेगळी करून, केसाच्या जाडीएवढे स्फटिक एकेक करून निवडायचे, आम्लात विरघळवायचे आणि युरेनियमचे किती शिसे झाले ते मोजायचे. या कामात अमरावती विद्यापीठाचे सय्यद खद्री सुरुवातीपासून सहभागी आहेत. प्रत्येक तारखेतली अनिश्चितता काही दशसहस्र वर्षांवर येते.

बर्कलीच्या गटाने बेसाल्टमधल्याच फेल्स्पार स्फटिकांतला आरगॉन वायू मोजला. २०१५ च्या त्यांच्या पहिल्या निबंधात मुंबई आयआयटीचे कांचन पांडे सहलेखक होते. या पद्धतीत लाव्हाचेच वय थेट मिळते, वरून पडलेल्या राखेचे नाही, हा तिचा मोठा फायदा. अनिश्चितता मात्र अधिक. झिरकॉनबद्दल उलटा आक्षेप घेता येतो: स्फटिक मातीत पडण्याच्या पुष्कळ आधी लाव्हाकोठीत तयार झाला असेल, तर थर खऱ्याहून जुना वाटेल.

शोएन यांच्या मते उद्रेक चार मोठ्या टप्प्यांत झाले आणि पोलादपूरचा टप्पा विलोपनाच्या काही दशसहस्र वर्षे आधीचा. स्प्रेन यांच्या मते टप्पे असे दिसत नाहीत, आणि सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा विलोपनानंतर वाहिला. त्यापूर्वी रेनी आणि मार्क रिचर्ड्स यांनी एक आकर्षक कल्पना मांडली होती: चिक्शुलूबच्या हादऱ्याने पृथ्वीच्या पोटातली नळी हलली आणि दख्खनचा लाव्हा जोमाने वाहू लागला. तसे असते तर दोन्ही पक्षांची सोय झाली असती. २०२१ मध्ये शोएन यांच्या गटाने दोन्ही माहितीसंच एकाच संख्याशास्त्रीय पद्धतीने तपासले. एकूण कालावधी सात-आठ लाख वर्षांचा, यावर दोन्ही घड्याळे जुळली. आघात नेमका कोणत्या थराशी येतो, यावर जुळली नाहीत. आणि आघातामुळे उद्रेकांचा वेग वाढल्याला दोन्हींपैकी कोणत्याही संचात आधार मिळाला नाही. तपासणारा गट वादातलाच एक पक्ष आहे हे लक्षात ठेवूनही, हादऱ्याची कल्पना आज कमकुवत झाली आहे, असे म्हणावे लागते.

घाटातल्या थरांत आघाताची खूणच सापडली तर हा प्रश्न एका दिवसात सुटेल. ती अजून सापडलेली नाही. कच्छमधल्या अंजार इथे लाव्हाच्या थरांमधल्या गाळात नरेंद्र भंडारी आणि सहकाऱ्यांना इरिडियम मिळाले होते, पण एक नव्हे तर तीन पातळ्यांवर. त्यामुळे ते सीमेचेच आहे का, यावर एकमत झाले नाही.

मारणारा वायू की धूळ?

लाव्हाने जग मरत नाही. त्याच्याबरोबर येणारे वायू मारतात. गंधकाचे वायू काही वर्षे थंडी आणतात, कर्बवायू हजारो वर्षे उष्मा वाढवतो. म्हणून वादाचा भर आता दगडाच्या घनफळावरून वायूंच्या हिशेबावर आला आहे. अडचण अशी की लाव्हा वर येण्याआधीच कर्बवायू जमिनीखालून निसटू शकतो. तीन चतुर्थांश लाव्हा नंतर वाहिला असला, तरी वायूही नंतरच सुटला असे त्यावरून ठरत नाही.

येल विद्यापीठातल्या पिन्सेली हल आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये समुद्रगाळातल्या तापमानाच्या नोंदी एकत्र केल्या. विलोपनापूर्वी सुमारे दोन अंशांची तापमानवाढ झाली होती आणि ती दख्खनच्या वायूंशी जुळते. पण विलोपनाआधीच ती ओसरली होती. त्याच वर्षी अलेस्सांद्रो कियारेन्झा यांच्या गटाने हवामानाची प्रारूपे चालवली. आघातानंतरच्या थंडीत डायनासोरांना राहण्याजोगा प्रदेश उरला नाही, केवळ ज्वालामुखीच्या प्रारूपात मात्र विषुववृत्ताजवळ तो उरला. दख्खनच्या कर्बवायूने पुढे उलट सावरायला मदत केली असावी, असेही त्यांनी सुचवले.

दुसऱ्या बाजूने सारा काल्लेगारो यांच्या गटाने २०२३ मध्ये पश्चिम घाटातल्या लाव्हातला गंधक आणि फ्लोरिन मोजून दाखवले की विलोपनाच्या आधी वारंवार ज्वालामुखी हिवाळे आले असतील. त्याच वर्षी डार्टमथच्या अलेक्झांडर कॉक्स आणि ब्रेनहिन केलर यांनी उलट दिशेने गणित मांडले. कारण आधी न सांगता संगणकाला फक्त समुद्रगाळातल्या नोंदी दिल्या आणि सुमारे तीन लाख शक्यता तपासायला लावल्या. या नोंदी स्पष्ट करायला दख्खनचे वायू पुरेसे ठरतात, असे उत्तर आले. निःपक्षपातीपणाचा हा प्रयत्न मोलाचा आहे. तरी त्याची मर्यादा उघड आहे: काही वर्षांचा अंधार हजारो वर्षांच्या सरासरीतल्या नोंदींत दिसणारच नाही.

अंधाराबद्दलही मत बदलते आहे. २०२३ मध्ये नॉर्थ डकोटातल्या टॅनिस इथल्या थरावरून मांडले गेले की सूक्ष्म सिलिकेट धूळ १५ वर्षांपर्यंत हवेत राहिली आणि प्रकाशसंश्लेषण जवळपास दोन वर्षे थांबले. २०२५ मध्ये आघातातून उडालेल्या गंधकाचा अंदाज आधीच्या सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे ६७ अब्ज टनांच्या आसपास आला. त्यामुळे आघाताचा हिवाळा गंधकाने आणला की धुळीने, हे आघाताच्या पक्षातही ठरलेले नाही. याच टॅनिसमध्ये कल्ल्यांत काचेचे मणी अडकलेले मासे मिळाले. त्यांच्या हाडांच्या वाढीवरून २०२२ मध्ये आघात उत्तर गोलार्धातल्या वसंतात झाला असे दिसले.

या सगळ्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो डिसेंबर २०२४ चा लॉरेन ओ'कॉनर यांचा निबंध. अमेरिकेतल्या त्या काळच्या दलदलीच्या कोळशात जिवाणूंच्या पेशीपटलातले मेद टिकले आहेत आणि त्यांवरून तापमान काढता येते. विलोपनाच्या सुमारे ३० हजार वर्षे आधी तापमान पाचेक अंशांनी घसरले आणि दहा हजार वर्षांच्या आत पूर्ववत झाले. ही वेळ शोएन यांच्या पोलादपूर टप्प्याशी जुळते. म्हणजे दख्खनने जगाचे हवामान हलवले, पण ते सावरल्यानंतरच विलोपन झाले.

आधीच खालावले होते का?

डायनासोर आधीच उतरणीला लागले होते का, हा जोडप्रश्न आहे. २०२१ च्या एका विश्लेषणात सहा प्रमुख कुळांचा ऱ्हास सुमारे ७ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीपासून दिसला. २०२५ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या जीवाश्मांचे नवे वय निघाले आणि शेवटच्या चार लाख वर्षांतही तिथे निरनिराळे डायनासोर नांदत होते असे आढळले. या वादाचा बहुतेक पुरावा उत्तर अमेरिकेतला आहे, हीच त्याची कमजोरी. ज्यांच्या डोक्यावर लाव्हा वाहिला, त्यांची साक्ष भारतात आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा आणि डोंगरगाव इथे लाव्हाखालच्या लॅमेटा या गाळथरांत टायटॅनोसॉर या डायनासोरांची हाडे मिळाली. पिसदुराच्या जीवाश्म विष्ठेत २००५ मध्ये गवताचे अंश ओळखले गेले. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातून ९२ घरटी आणि २५६ अंडी २०२३ मध्ये नोंदवली गेली. पहिल्या लाव्हानंतर साचलेल्या गाळातही डायनासोरचे अवशेष सापडले आहेत, म्हणजे उद्रेक सुरू होताच ते संपले नाहीत. पण या थरांच्या तारखा ढोबळ आहेत. शेवटचा भारतीय डायनासोर सीमेच्या किती आधीचा, हे अजून सांगता येत नाही.

आजची स्थिती

विलोपनाचा मुख्य घाव लघुग्रहाचा, हे मत आज बहुसंख्य संशोधकांचे आहे आणि पुरावा पाहता ते योग्य वाटते. आघातानंतर समुद्राचे पाणी अचानक आम्लधर्मी झाल्याची २०१९ मध्ये सापडलेली नोंदही त्याच बाजूची. दख्खनने हवामान अस्थिर केले, हेही आता पक्के आहे. त्याने जीवसृष्टी आधीच दुबळी केली होती का, की ती सावरून पुरेशी सशक्त झाली होती, हे ठरलेले नाही. पोलादपूरचा क्रम आणि न दिसता निसटलेल्या कर्बवायूचे प्रमाण या दोन गोष्टींवर ते अवलंबून आहे.

शिवाय दोन्ही गटांच्या तारखा मुख्यतः पश्चिम घाटाच्या एका पट्ट्यातल्या आहेत. माळव्याच्या लाव्हाचे झिरकॉन-वय २०२० मध्ये आले. सौराष्ट्र, मंडला, विदर्भ आणि मराठवाड्याचे बरेच काम बाकी आहे. नमुने सगळे आपल्याकडे आहेत. घाटरस्ते रुंद होताना उघडे पडणारे तांबडे पट्टे जाळी आणि सिमेंटखाली झाकले जाण्याआधी त्यांची जागा, उंची आणि थर नोंदवून माती जपून ठेवायला हवी. हे काम महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांचे भूशास्त्र विभाग करू शकतात. बांधकाम खात्याने कापणीची आगाऊ सूचना त्यांना द्यावी आणि विद्यार्थ्यांना नमुने घेण्याची परवानगी द्यावी.